घंटेनंतरचं वाक्य

हातमोजा आतून ओला होता, आणि कोमट. ओकसुनचा हात मनगटापर्यंत आत गेला तेव्हा तिला ते कळलं आणि हात तिथेच थांबला. कोपरापर्यंत येणारे रबराचे लाल मोजे, टेबलावर त्यांच्या जोड्यांचा ढीग पडलेला. हाताला लागली ती जोडी तिने उचलली होती. कोणीतरी त्यातून नुकताच हात काढून घेतला होता. बोटांच्या जागी बोटांचा घाम होता आणि त्या घामाला गुलाबाच्या स्वस्त क्रीमचा वास होता. हा वास कोणाचा, ते आठवायला तिला वेळ लागला नाही. सार्वजनिक हमामात दुसऱ्या बाईच्या केसांचा पुंजका तळपायाला चिकटावा तसं तिला झालं. तिने मोजा ओढून पाहिला, पण तो येईना. ओल्या हाताला हे मोजे एकदा बसले की एकट्याने निघत नाहीत, समोरच्या माणसाला बोटांची टोकं धरून ओढावे लागतात. आणि समोर कोण आहे ते तिने अजून पाहिलं नव्हतं.

"ताई, ते माझे वाटतं!" जिन्यावरून आवाज आला. गरजेपेक्षा जरा मोठाच. "मुलाचा फोन आला म्हणून काढून ठेवले होते. असू द्या, असू द्या. मी दुसरे घेते."

हेरान. दहा महिन्यांनी. केस बारीक कापलेले, गाल आत गेलेले, अंगात तोच जांभळा फुलाफुलांचा एप्रन. 'असू द्या' म्हणाली. चाळीस वर्षं 'असू दे गं ताई' म्हणणारी बाई 'असू द्या' म्हणाली, हेही ओकसुनच्या कानाने टिपलं आणि तेही तिला किळसवाणंच वाटलं. तिने दुसरा मोजाही चढवला. काढायला मदत मागण्यापेक्षा घालून टाकणं सोपं होतं. दोन्ही हात आता हेरानच्या घामात होते.

चर्चच्या तळघरात त्या दिवशी चारशे कोबी होते. आदल्या दिवशी उभे चिरून मिठाच्या पाण्यात बुडवलेले, रात्रभर निथळलेले, आता भिंतीला लागून पिवळट पोटं वर करून पडलेले. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे मंडळीची किमची घालायचा दिवस. टेकडीवरच्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना वाटायची, चर्चच्या रविवारच्या जेवणाला वर्षभर पुरवायची, आणि राबणाऱ्या प्रत्येकीने एकेक डबा घरी न्यायचा. मिरचीची पूड, मुळ्याच्या काड्या, लसूण, आलं, मोहरीचा पाला, खारवलेला जवळा आणि कालवं. खिडक्या जमिनीच्या पातळीला, त्याही बंद. जवळ्याचा वास मोरीच्या वासात आणि मोरीचा वास उकळत्या डुकराच्या मांसाच्या वासात मिसळून सगळ्या बायकांच्या केसांत जाऊन बसला होता. भिंतीवर मंडळीचं वर्षाचं ब्रीद पिवळ्या अक्षरांत लावलेलं होतं, 'सोसणारी मंडळी, क्षमा करणारी मंडळी', आणि वाफेने त्या कापडाचा एक कोपरा सुटून खाली लोंबत होता. दर वर्षी ओकसुन या दिवसाची वाट पाहायची. आज तिला त्या कोबींकडे बघवेना.

फ्रिजच्या दारावर यादी चिकटवली होती, कोणत्या घमेल्यावर कोण. चष्मा वर ठेवलेला असल्यामुळे तिने ती वाचलीच नव्हती. बुनी आजीने हाक मारली तशी ती चौथ्या घमेल्यावर जाऊन बसली होती. बुनी आजी ब्याऐंशी वर्षांची, तोंडात तीन दात, मंडळीत कोणाचीही भीडभाड न ठेवणारी. आता हेरान येऊन समोरच्या पाटावर टेकली, आणि ओकसुनला कळलं की हा योगायोग नव्हे, हे पाळकसाहेबांचं काम.

"काय गं, मुहूर्त बघतेस काय?" बुनी आजी म्हणाली. "घाल हात. कोबी माझ्यासारखा म्हातारा होईल."

"घालतेय, आजी."

"आणि तू गं हेरान, कुठे होतीस इतके दिवस? मेलीस म्हणून मी दोनदा रडले."

"पलीकडच्या चर्चमध्ये जायची, आजी. पहाटेच्या प्रार्थनेला."

"तिथलं जेवण बरं असतं का?"

"आपल्यासारखं नाही," हेरान म्हणाली आणि हसली. ओकसुनने पान उचललं. एकेक पान उघडायचं, देठाकडून मसाला चोळत शेंड्याकडे यायचं, शेवटच्या बाहेरच्या पानाने सगळा कोबी बांधून टाकायचा. हात आपोआप चालतात. डोकं मात्र रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात दोन वाजले होते.

खरं तर वाजले होते अकरा. दोन वाजता दानबी येणार होती. ओकसुनची मुलगी, तेहतीस वर्षांची. दहा महिन्यांत तिने या चर्चच्या दारात पाय ठेवला नव्हता. आजही ठेवणार नव्हती. "मी बस-थांब्यावर उभी राहीन, आई. फोन करते. डबा वर आणून दे," एवढंच काल म्हणाली होती. पण म्हणाली होती. आईच्या हातची किमची नेते म्हणाली होती. दहा महिने तिच्याशी बोलणं म्हणजे औषधं घेतलीस का, घेतली, बरं ठेवते, इतकंच. त्यातून ही किमची निघाली, म्हणून ओकसुन पहाटे चारला उठून आली होती, आणि दानबीसाठी वेगळे ठेवायचे कोबी तिने कालच हेरून ठेवले होते, आतून पिवळेधमक. आणि आता ही बाई इथे. दानबी जिना उतरली नाही तर बरं. दानबीने हिला पाहिलं, आणि ही बोलली, तर?

हेरान बोलेल याची तिला भीती होती, आणि हेरान बोलणार नाही याचा राग.

"वा! चौथं घमेलं!" पाळकसाहेब आले. नाम पाळक, बेचाळीस वर्षांचे, हात बायकांपेक्षा मऊ, आणि त्या हातात सदैव फोन. "हेच मला बघायचं होतं. ओकसुनबाई, हेरानबाई, जरा इकडे बघा. आजी, तुम्हीही हसा."

"दात बघून घ्या आधी, साहेब, मग हसायला सांगा."

फोटो निघाला. उद्याच्या पत्रकात तो येणार हे ओकसुनला माहीत होतं, खाली ब्रीदासकट. मोरी तुंबली की घरातल्या माणसाला फक्त पाणी जायला हवं असतं. आत काय अडकलंय, कोणाचे केस, कोणाचं खरकटं, ते बघायची इच्छा नसते. पाळकसाहेबांना क्षमा तशी हवी होती. या दहा महिन्यांत ते तीन वेळा घरी आले होते, तिन्ही वेळा नासपतींची पेटी घेऊन, आणि गुडघे दुमडून बसून, तिच्या मंडळीतल्या पदाने हाक मारत, म्हणाले होते, "सेविकाबाई, मनात धरून ठेवू नका. शरीराला अपाय होतो. तुम्ही मोठ्या मनाच्या आहात." इतर बायका हात हातात घेऊन बसायच्या. ओले, ऊन हात. "तुमच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं," त्या म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. मंडळीत ओकसुनला एक जागा मिळाली होती, जिचं नुकसान झालंय आणि जी क्षमा करू शकते अशा बाईची जागा, आणि ती त्या जागेवर उशी घालून बसल्यासारखी बसली होती. नासपती गोड होत्या. तिने त्या खाल्ल्या. आता ते आठवून तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

झालं होतं ते सगळ्या मंडळीसमोर झालं होतं. जानेवारीतला शुक्रवार, रात्रीची प्रार्थना, आणि शेवटी दर शुक्रवारी होते तशी सगळ्यांनी एकदम, मोठ्याने, ज्याची त्याची प्रार्थना. दोनशे माणसं आपापलं दुःख ओरडत असतात, कोणी छाती बडवतं, कोणी रडतं, आणि त्या गदारोळात कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. म्हणून तर माणूस तिथे काहीही बोलू शकतो. मग वेदीवरची छोटी घंटी वाजते, टिंग, आणि सगळे एकदम गप्प होतात. त्या शुक्रवारी घंटी वाजली, सगळे गप्प झाले, आणि एक आवाज थांबला नाही. "आणि ओकसुनची दानबी, प्रभू! तिने त्या गोळ्या गिळल्या, तीन आठवडे तिला त्या वॉर्डात कोंडून ठेवलं, तू तिला सांभाळ, प्रभू, हे लग्न मोडू देऊ नकोस!" डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी हवेत, गालांवरून पाणी. मग हेरानने डोळे उघडले. तिसऱ्या बाकावर त्या मुलाची आत्या बसली होती, ज्याच्याशी दानबीचं लग्न एप्रिलमध्ये ठरलं होतं. पंधरा दिवसांनी मुलाकडून सफरचंदांची एक टोपली आणि एक फार सभ्य पत्र आलं.

हेरानला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे सगळ्या मंडळीला माहीत होतं, पण ओकसुनइतकं कोणालाच नाही. दोघी अठरा-एकोणिसाव्या वर्षी इंचनच्या सूतगिरणीत आल्या होत्या, एकाच खोलीत चौदा पोरींबरोबर झोपत होत्या. साच्यांच्या खडखडाटाने हेरानचा कान गेला. तिची जागा मशीनच्या उजव्या बाजूला होती म्हणून डावा गेला, ओकसुनची डाव्या बाजूला होती म्हणून तिचा वाचला, कारण मधे खांब होता. इतकी साधी गोष्ट. ती जागा आधी ओकसुनची होती, पहिल्या आठवड्यात तिला तिथे चक्कर आली आणि हेरान म्हणाली, "ये इकडे, मी तिथे उभी राहते." तेव्हापासून ओकसुन तिच्या डाव्या बाजूला बसत आली, गिरणीच्या जेवणात, बसमध्ये, चर्चच्या बाकावर. आणि शुक्रवारी घंटी वाजली की ती हेरानच्या गुडघ्यावर एक टिचकी मारायची. वीस वर्षं. टिचकी बसली की हेरान थांबायची. त्या शुक्रवारी ओकसुन तिच्या शेजारी बसली नव्हती. ती चार बाकं मागे बसली होती.

"मीठ कमी आहे," बुनी आजीने पान चाखून सांगितलं. "जवळा घाला अजून."

हेरानने जवळ्याची बरणी उपडी केली. करड्या गुलाबी लगद्यात हजार काळे डोळे होते. ओकसुनने मान फिरवली. चार बाकं मागे का बसलीस, हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी ती हेरानच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. दानबीला घरी आणून अकरा दिवस झाले होते. "आई, कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही," दानबी हॉस्पिटलच्या पलंगावरून म्हणाली होती. "चर्चमध्ये तर नाहीच नाही. ते लोक प्रार्थना करतील." अकरा दिवस ओकसुनने ते दाताखाली दाबून धरलं. बाराव्या दिवशी लसणाची एक पाकळी नखाखाली गेली, झोंबली, आणि त्या झोंबण्याचं निमित्त करून ती रडायला लागली, आणि सगळं बाहेर आलं. गोळ्या, वॉर्ड, बुटांच्या नाड्याही काढून घेतात ते. हेरान आपला उजवा कान जवळ आणून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मी प्रार्थना करीन, ताई." घरी जाताना ओकसुनला हलकं वाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हेरानचं तोंड बघवेना. ज्याच्यासमोर आपण उघडे पडलो त्याचं तोंड बघवत नाही, मग त्याने डोळे मिटून घेतले असले तरी. म्हणून चार बाकं मागे.

आणि नंतर ते पत्र आलं तेव्हा दानबीने विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, अगदी हळू. "त्या बाईला कसं कळलं, आई?" एक श्वास घ्यायला लागतो तितका वेळ ओकसुनकडे होता. त्या वेळात ती म्हणाली, "तिची भाची नाही का त्याच हॉस्पिटलात परिचारिका. युरी." बस. युरीने सांगितलं असं ती म्हणाली नाही. ते वाक्य तिने अर्धंच ठेवलं. उरलेलं लोकांनी पुरं केलं, दानबीने केलं, हॉस्पिटलला तक्रार लिहिली, चौकशी बसली, काही सापडलं नाही. तरी वॉर्डातली माणसं आपल्याकडे बघेनाशी झाली म्हणून युरी नोकरी सोडून गावाकडे गेली. हेरानचा भाऊ, युरीचा बाप, तिच्याशी बोलत नाही म्हणतात. आणि हेरानने बायकांच्या प्रार्थना-गटाचं पुढारीपण सोडलं, चर्च सोडलं, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. 'तुझ्या आईनेच सांगितलं,' हे तीन शब्द. सगळ्या टेकडीने तिला भोचक भवानी ठरवलं तरी नाही. दहा महिने ओकसुन रोज सकाळी उठून वाट पाहायची की आज ती बोलेल. ती बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पण ती सोसत बसली होती, ब्रीदासारखी, आणि तिच्या त्या सोसण्याने ओकसुनच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला गुलाबाच्या क्रीमचा वास लागला होता.

दीडला शेवटचे कोबी संपले. बायकांनी कमरेवर हात ठेवून आळोखेपिळोखे दिले. दानबीचा डबा ओकसुनच्या पायाशी होता, झाकण वेगळं, आत अजून काहीच नाही. ते हेरलेले कोबी तिने घमेल्याच्या कडेला बाजूला ठेवले होते, पण हेरानच्या हाताने चोळलेले कोणते आणि आपल्या हातचे कोणते, हे आता तिला सांगता येत नव्हतं. डुकराचं मांस पातेल्यातून बाहेर आलं, वाफाळतं, चरबीची थरथरती पांढरी कड असलेलं, आणि पाळकसाहेबांनी टाळी वाजवली.

"आता गोड शेवट!" ते म्हणाले. दर वर्षी हा असतोच. मसाला लावलेलं आतलं कोवळं पान घ्यायचं, त्यात मांसाचा तुकडा आणि कालव गुंडाळायचं आणि शेजारणीच्या तोंडात आपल्या हाताने भरवायचं. "पण आज शेजारणीला नाही. घमेल्याच्या पलीकडे जी बसलीय तिला. आधी ज्यांच्या मनात काही आहे त्यांनी."

सगळ्या बायकांनी आधी छताकडे, मग चौथ्या घमेल्याकडे बघितलं. फोन वर झाला. ओकसुनच्या एप्रनच्या खिशातही फोन थरथरायला लागला. तिने हात हलवला. कोपरापर्यंत लाल, चिकट, मोजे न निघणारे. फोन थरथरून थांबला, पुन्हा थरथरला.

"ताई," हेरान म्हणाली. तिने पान उचललं होतं, मांस ठेवलं होतं, आणि आता ती दोन बोटांनी त्यातलं कालव काढून परत घमेल्यात टाकत होती. "कालव काढलंय. तुम्हाला बाधतं ना."

तिच्या लक्षात होतं. एकोणिसाव्या वर्षी गिरणीच्या वसतिगृहात शिळी कालवं खाऊन ओकसुन रात्रभर ओकली होती. चटई घाण केली तर मुकादमीण महिन्याची रजा कापायची; म्हणून हेरान तिच्या तोंडासमोर ओंजळ धरून बसली होती. अंधारात, नुसत्या हातांची ओंजळ. भरली की मोरीशी जायची, धुऊन यायची, पुन्हा धरायची. तोंड वाकडं केलं नव्हतं. ओकसुनला ते या क्षणी आठवायला नको होतं.

"आ करा, सेविकाबाई!" पाळकसाहेब म्हणाले. बायका हसल्या. "आ!"

तिने तोंड उघडलं. लाल रबराची बोटं ओठांना लागली, आत आली, गेली. तोंड भरून गेलं: मिरचीची आग, जवळ्याचा समुद्र, चरबी, लसूण. टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या मधेच विरल्या, कारण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दानबी उभी होती, राखाडी कोट घातलेली, हातात फोन.

"तू उचलत नव्हतीस," ती आईला म्हणाली. मग तिची नजर पलीकडे गेली. ओकसुनला वाटलं, पोरीच्या चेहऱ्यावरचं रक्त कोणीतरी नळ बंद करावा तसं बंद केलं.

"दानबी! ये ये!" पाळकसाहेब पुढे झाले. "बघ, देवाची वेळ कशी असते! आजच तुझ्या आईने..."

"काय केलं आईने?"

"क्षमा केली, बाळ. मोठं मन केलं तिने."

"हो का." दानबी हेरानकडे बघत होती. "तुम्ही आलात परत. बरं झालं. तुमची भाची काय करते हल्ली? अजून कोणाकोणाच्या फायली वाचते?"

बुनी आजीने तोंडातलं पान चघळणं थांबवलं. हेरान पाटावरून उठली, घमेल्याच्या कडेला गुडघे टेकले आणि लाल मोज्यांचे हात मांडीवर ठेवून मान खाली घातली. "माझं चुकलं, बाळ," ती म्हणाली. नेहमीसारखं मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "माझ्या तोंडाने तुझं वाटोळं झालं. मला क्षमा कर असं नाही म्हणणार मी. पण युरीचं त्यात काही नाही. एवढं ऐक."

"मग कोणी सांगितलं तुम्हाला? देवाने?"

हेरानने ओकसुनकडे पाहिलं असतं, एक कटाक्ष जरी टाकला असता, तरी ओकसुनने तो झेलला असता आणि परत फेकला असता. पण तिने पाहिलं नाही. ती घमेल्यात बघत राहिली, तळाशी उरलेल्या मसाल्यात, जसं काही त्या मसाल्यानेच तिला सांगितलं होतं. ओकसुन चावत होती. तोंड भरलेल्या माणसाकडून कोणी उत्तर मागत नाही. अजून चार वेळा चावायचं, गिळायचं, एक घोट पाणी प्यायचं, तोवर पाळकसाहेब काहीतरी बोलतीलच, दानबी डबा घेऊन जाईल, रविवारी फोटो येईल, हेरान सोसत राहील. सगळं होऊन जाईल. तिने गिळायचा प्रयत्न केला. घशाने घेतलं नाही. खालून काहीतरी वर आलं, आंबट, आणि तिला एकदम कळलं की ही किळस पहिल्यापासून हेरानची नव्हतीच. डोळ्यांत पाणी आलं. मान पुढे झुकली.

हेरानने मान वर केली, तिचा चेहरा पाहिला आणि विचार न करता ओंजळ पुढे केली.

ओकसुन त्या ओंजळीत ओकली. सगळं, पाळकसाहेबांच्या फोनसमोर. बायकांपैकी कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. ओंजळ हलली नाही. ओकसुनने बाहीला तोंड पुसलं, दंडाशी, जिथे मोजा संपत होता.

"मी सांगितलं," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "युरीने नाही. मी. हिच्या घरी लसूण सोलताना. तू घरी आल्यानंतर बाराव्या दिवशी. हिला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, घंटी वाजली की गुडघ्यावर टिचकी मारायची असते, ती मी मारली नाही. मी मागे बसले होते. आणि तू विचारलंस तेव्हा युरीचं नाव मी काढलं."

दानबी तिच्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर ओकसुनला बरं वाटलं असतं. ती बघत होती, रस्त्यावर पडलेलं काहीतरी काय आहे हे न कळता माणूस बघतो तशी. मग वळली आणि जिना चढून गेली.

"सेविकाबाई," पाळकसाहेब म्हणाले, "हे बघा, आपण सगळीच माणसं आहोत, आपण आता डोळे मिटून..."

"गप रे," बुनी आजी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने पाळकाला अरे केलं. "डोळे मिटूनच तर एवढं झालं."

हेरान मोरीशी जाऊन आली होती. मोजे धुतलेले, निथळणारे. तिने दानबीचा रिकामा डबा आपल्याकडे ओढला आणि बाजूला ठेवलेले कोबी एकेक करून दाबून भरायला लागली. "जा ताई," ती खाली बघूनच म्हणाली. "बस चुकेल तिची. डबा मी भरते. जा गं."

ओकसुनला त्या क्षणी तिचा इतका राग आला की त्या घमेल्यात तिचं तोंड दाबावं असं वाटलं. तू तरी एकदा थुंक माझ्यावर, असं तिला म्हणायचं होतं. युरीचं काय, ते तरी विचार. पण हेरान झाकण लावत होती, झाकणाचे चारही कोपरे नीट दाबत होती. ओकसुन जिन्याकडे गेली. वर थंडी होती आणि वारा टेकडीवरून सरळ खाली येत होता. समोर, रस्त्यापलीकडे, दानबी थांब्यावर उभी होती. ओकसुनने रस्ता ओलांडला आणि तिच्यापासून चार पावलांवर जाऊन थांबली. काय बोलायचं ते जिन्यातच संपलं होतं. क्षमा हा शब्द तिच्या तोंडात आला आणि नासपतीची चव घेऊन आला, म्हणून तिने तो गिळला. थांब्यावर दोन शाळकरी पोरी होत्या. त्या ओकसुनच्या हातांकडे बघून एकमेकींच्या जवळ सरकल्या.

"मोजे काढ आधी," दानबी रस्त्याकडे बघत म्हणाली. "लोक बघतायत. खून करून आल्यासारखी."

ओकसुनने उजव्या हाताने डावा ओढला. आला नाही. डाव्याने उजवा ओढला. रबर ताणलं जाऊन फट्कन परत बसलं, मिरचीचे शिंतोडे तिच्या गालावर उडाले. ती ओढत राहिली. बस वळणावर दिसली. दानबीने एकदा बसकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि पुढे येऊन, चेहरा शक्य तितका लांब ठेवून, दोन बोटांच्या चिमटीत मधल्या बोटाचं टोक धरलं. तिच्या नाकपुड्या आक्रसल्या होत्या. ओठ घट्ट मिटले होते. सकाळपासून आपला चेहरा कसा दिसत होता ते ओकसुनला आता समोर दिसलं. दानबीने झटका दिला. मोजा उलटा होऊन निघाला, आतली ओली बाजू बाहेर आली, आणि ओकसुनचा हात सुरकुतलेला, पांढरा, उघडा वाऱ्यात राहिला.

बस थांबली. दानबीने तो मोजा कट्ट्यावर ठेवला, बोटं कोटाला पुसली आणि बसमध्ये चढली. दुसरा तिने तसाच राहू दिला.